काडतुसाची लांबी दरवेळी वेगळी का येते?

माझा भाचा डॅलसला असतो. सुट्टीच्या दिवशी रेंजवर जाऊन .३०८ विंचेस्टरच्या रायफलनं कागदावर नेम धरायचा हा त्याचा छंद, आणि त्यासाठी लागणारी काडतुसं तो स्वतः भरतो. तिकडं पुंगळी (काडतुसाचं पितळी कवच), प्रायमर (तिच्या बुडातली ठिणगी पाडणारी टिकली), दारू, गोळी (नळीतून सुटते ती) सगळं सुटं मिळतं आणि गॅरेजमध्ये बसून भरायला परवानगी आहे. आपल्याकडं तसं नाही. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ प्रमाणं परवान्याशिवाय दारूगोळा तयार करता येत नाही, त्यामुळं इथं कुणी हात शिवशिवले म्हणून सुरू करू नये. मीही आयुष्यात एक काडतूस भरलेलं नाही. माझं काम सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत, लेथवर, यंत्रमागाचे सुटे भाग करायचं. पण तक्रार आली ती मापाची होती, आणि माप काडतुसाचं असो की धोट्याच्या (मागात आडवा धागा नेणाऱ्या नावेच्या) टोकाचं, खोटं बोलायची त्याची पद्धत एकच असते.

त्याचा मेसेज असा: "मामा, डाय एकदा सेट केली, परत हात लावला नाही. तरी दहा काडतुसांची लांबी दहा तऱ्हेची. २.८०० इंच पाहिजे, येतंय २.७९४ पासून २.८०५ पर्यंत काहीही. डाय परत सेट केली की उद्या परत तेच. तुम्ही म्हणाल तो व्हर्निअर घेतो."

डाय म्हणजे गोळी पुंगळीत ठरल्या खोलीवर दाबून बसवणारा साचा. अकरा थाऊचा फरक. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, पंचवीस मायक्रॉनच्या किंचित वर. आमच्याकडं एवढ्या फरकाचा जॉब गेला तर गिऱ्हाईक पेटीसकट परत पाठवतं. पण नवा व्हर्निअर, म्हणजे जबड्यात धरून लांबी मोजायचं हत्यार, हे उत्तर मला पटेना. दहा वर्षांत पाच व्हर्निअर बदललेले आणि तरी रिजेक्शन न थांबलेले कारखानदार मी बघितलेत.

एकच काडतूस, दहा वेळा

दहा काडतुसं मोजायच्या आधी एकच काडतूस दहा वेळा मोज, असं त्याला सांगितलं. प्रत्येक वेळी खाली ठेवायचं, जॉ (व्हर्निअरचे दोन जबडे) पूर्ण मिटवून झिरो बघायचा, परत उचलायचं, परत मोजायचं, आकडा कागदावर. डोक्यात नाही, कागदावर. डोकं आपल्याला हवा तो आकडा लक्षात ठेवतं.

एकाच काडतुसात चार थाऊचा फरक निघाला. म्हणजे अकरातले चार तर हाताचेच.

व्हिडिओ कॉलवर त्याला मोजायला लावलं तेव्हा कारण लगेच दिसलं. काडतूस जॉच्या अगदी शेंड्याला धरलं होतं, अंगठ्यानं रोलर असा दाबत होता की जणू पाना आवळतोय, आणि काडतुसाचा बूड जॉवर सपाट टेकलेला नव्हता, तिरका होता. व्हर्निअरची पट्टी एका रेषेत आणि मोजायची वस्तू दुसऱ्या रेषेत, ही या हत्याराची जन्मजात खोड आहे. जॉच्या शेंड्याकडं जाल तितकी सरकणारी जॉ कलते आणि आकडा कमी दाखवते. एर्न्स्ट आबे या जर्मन शास्त्रज्ञानं १८९० मध्ये हे तत्त्व मांडलं: मोजमापाची पट्टी आणि मोजायचं अंतर एकाच रेषेत असावं. मायक्रोमीटर ते पाळतो, व्हर्निअर पाळत नाही. म्हणून व्हर्निअर वापरायचाच तर वस्तू पट्टीच्या जवळ, जॉच्या मुळाशी घ्यायची.

मग त्याला एवढं करायला सांगितलं. बूड स्थिर जॉवर आधी टेकवायचा, जॉच्या रुंद भागावर. सरकती जॉ हलक्या हातानं आणायची. काडतूस किंचित डोलवायचं, म्हणजे तिरकं असेल तर आकडा वाढतो आणि सरळ झालं की सर्वांत कमी येतो. तो सर्वांत कमी आकडा खरा. प्रत्येक वेळी जोर तेवढाच. जोर किती हे आकड्यात सांगता येत नाही. आमच्या वडिलांनी मला वर्तमानपत्राचा कागद जॉमध्ये धरून शिकवलं होतं: ओढला तर अडकत अडकत निघाला पाहिजे, फाटला नाही पाहिजे.

आणि बूड पुसायचा. एकदा झाडलेल्या पुंगळीच्या बुडावर इजेक्टरचा (रिकामी पुंगळी बाहेर फेकणाऱ्या भागाचा) ओरखडा असतो, त्याच्या कडेला पितळ बारीकसं वर आलेलं असतं. प्रायमर नीट आत बसलेला नसला तर तोच बुडाच्या वर डोकावतो आणि तुम्ही पुंगळीऐवजी प्रायमरपासून मोजत बसता. बोटाचं नख बुडावरून फिरवलं तर दोन्ही कळतं. भाच्याच्या दहातल्या एका काडतुसाचा प्रायमर असाच वर होता. ते मोजण्याआधीच बाजूला काढायचं होतं, आणि मोजायला नको म्हणून नाही, तर तसं काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या काडतूस बसायच्या जागेत, घालणंच बरोबर नाही म्हणून.

झिरोबद्दल एक. जॉ मिटल्यावर ०.००० दिसलं म्हणजे व्हर्निअर बरोबर, असं नसतं. ते फक्त शून्यापाशी बरोबर आहे. तीन इंचांपाशी काय म्हणतो ते बघायला मायक्रोमीटरसोबत येतो तो स्टँडर्ड रॉड पुरे. दोन इंचाचा असेल तर २.००० दाखवायला हवं. आणि मिटलेल्या जॉ ट्यूबलाइटसमोर धरून बघायच्या. मधूनच उजेड झिरपला तर जॉ तिथं झिजल्यात. डिजिटल व्हर्निअर आकडे नाचवायला लागला की आधी सेल बदला, मग शंका घ्या.

हे सगळं केल्यावर एकाच काडतुसात एक थाऊचा फरक उरला. चांगल्या डिजिटल व्हर्निअरची स्वतःची अचूकताच अधिक-उणे एक थाऊ असते. पडद्यावर अर्ध्या थाऊपर्यंतचा आकडा दिसतो, पण दिसणं आणि खरं असणं यात फरक आहे. इथं हाताचा प्रश्न संपला.

मध्ये त्यानं विचारलं, गॅरेज तापतं, पितळ फुगत असेल का? सोलापूरच्या माणसाला हा प्रश्न विचारायचा म्हणजे! एप्रिलमध्ये आमच्या शेडमध्ये पत्र्याखाली उभं राहून बघ, म्हटलं. तरी हिशेब करून दाखवला. मोजमापाचं ठरलेलं तापमान २० अंश. पितळ एका अंशाला मीटरमागं सुमारे १९ मायक्रॉन वाढतं, पोलाद साडेअकरा. तापमान ४५ झालं तर ७१ मिलिमीटरचं काडतूस वाढेल, पण व्हर्निअरही सोबत वाढेल, फरक उरेल तेरा-चौदा मायक्रॉनचा. अर्धा थाऊ. अकरा थाऊचं खापर उन्हावर फोडता येणार नाही. फक्त दोन्ही वस्तू एकाच खोलीत तासभर आधी ठेवायच्या, एसीतून आणलेला व्हर्निअर आणि उन्हात ठेवलेला डबा असं नको.

टोकापासून मोजायचंच कशाला

आता उरले सात-आठ थाऊ, काडतुसा-काडतुसातले. इथं मी त्याला गोळ्यांचं टोक जवळून दाखवायला लावलं. मोबाइलच्या कॅमेऱ्यावर भिंग धरून.

मॅचसाठीच्या, म्हणजे नेमबाजीच्या स्पर्धेसाठीच्या, गोळ्या बहुतेक होलो पॉइंट असतात. तांब्याचं आवरण मागून पुढं ओढून आणून टोकाशी मिटवतात, आणि तिथं एक बारीक भोक राहतं. ते मिटणं दरवेळी सारखं होत नाही. एका गोळीचं टोक गोल, शेजारचीचं चिरलेल्या पाकळीसारखं, तिसरीच्या एका कडेला तांब्याची बारीक जिभली. त्यानं दाखवलेल्या सहा गोळ्यांत एकीचं टोक दुसरीसारखं नव्हतं. ही गोळीची खोट नाही. नेमासाठी गोळीचा पाया आणि अंग जास्त महत्त्वाचं, म्हणून कारखान्यात तिथं काळजी घेतात. टोक मात्र सुटलं तसं सुटतं.

आणि आपण व्हर्निअर लावतो त्याच टोकाला.

मला धोटे आठवले. जुन्या साध्या मागाच्या धोट्याला दोन्ही बाजूंना पोलादी टोकं असतात. ती टोकं लेथवर करताना नवखा कारागीर टोकापासून मागच्या खांद्यापर्यंत माप घेतो. शेंडा घासताना पॉलिश पेपरनं दोन-चार थाऊ इकडंतिकडं होणारच, आणि धोटा चालायला त्यानं काही बिघडत नाही. बिघडतं ते उताराची जागा चुकली की. म्हणून आम्ही एक बुश, म्हणजे पोकळ नळकांडं, करून ठेवलेला असतो, ठरलेल्या भोकाचा. तो टोकावर सरकवायचा, उतारावर जिथं तो अडकतो तिथून खांद्यापर्यंत मोजायचं. शेंडा कसाही असो, तो बुशच्या पलीकडं लोंबतो, मापात येतच नाही.

काडतुसाचंही हेच आहे. गोळीच्या टोकाकडच्या वक्र भागाला ओजाइव्ह म्हणतात. नळीच्या आत पीळ घेत जाणाऱ्या खाचा असतात, दोन खाचांमधल्या उंचवट्याला लँड म्हणतात, आणि काडतूस चेंबरमध्ये गेल्यावर गोळी पहिल्यांदा लँडला कुठं गाठणार तर त्या वक्रावर, टोकाला नाही. शिवाय डायमधली सीटिंग स्टेम, म्हणजे गोळीला वरून ढकलणारी दांडी, तीही गोळीला वक्रावरच धरते. म्हणजे डाय बिचारी प्रत्येक गोळी वक्रापासून सारख्या अंतरावर बसवत होती, आणि भाचा टोकापासून मोजून तिला रोज शिव्या देत होता. मग डाय हलवून चांगलं माप बिघडवत होता. "उद्या परत तेच" यातलं बरंचसं त्यानंच घडवलेलं होतं.

पूर्ण लांबी बिनकामाची असं मात्र नाही. अमेरिकेत सामी ही संस्था दारूगोळ्याची मापं ठरवते, तिनं .३०८ विंचेस्टरला पूर्ण लांबीची मर्यादा २.८१० इंच, ७१.३७ मिलिमीटर दिली आहे. मॅगझिनमध्ये मावायला ती बघावी लागते. तपासणी म्हणून टोकापासून मोजावं, डाय सेट करायला ओजाइव्हपासून.

बुश कसा असावा

त्यासाठी कम्पॅरेटर मिळतो. व्हर्निअरच्या जॉवर स्क्रूनं बसणारा ठोकळा आणि त्यात कॅलिबरप्रमाणं बदलायचा छोटा बुश. भाच्यानं तो मागवला. मला तर हातानं करून द्यायची खुमखुमी आली होती, पण तिकडं तयार मिळत असताना पार्सलला तेवढेच पैसे कशाला.

भोकाचा व्यास गोळीच्या व्यासापेक्षा कमी असतो, नाहीतर गोळी आरपार जाईल. .३०८ ची गोळी ०.३०८ इंच, म्हणजे ७.८२ मिलिमीटर जाड. नळीतल्या समोरासमोरच्या लँडमधलं अंतर मात्र ०.३०० इंच, म्हणजे ७.६२ मिलिमीटर. (वर्तमानपत्रात जे "७.६२" वाचतो ते हे, गोळीची जाडी नव्हे.) बुशचं भोक याच्या आसपास असतं, म्हणून तो गोळीला साधारण लँड धरेल तिथंच धरतो. साधारण, अगदी तिथंच नव्हे. तेव्हा मिळणारा आकडा तुमच्या बुशचा आहे. मित्राचा बुश दोन थाऊ मोठा असेल तर त्याच काडतुसाचा त्याचा आकडा वेगळा येणार, आणि दोघंही बरोबर असणार. ऐकीव "ओजाइव्ह लांबी" घेऊन आपली डाय सेट करणं हे दुसऱ्याचा चष्मा लावून पेपर वाचण्यासारखं आहे.

बुशच्या भोकाची कड बघावी. धार राहिली असेल तर ती तांब्यात रुतते आणि गोळीवर रेघ उमटते. कड जास्त तिरकी घासली (चॅम्फर मारला) असेल तर गोळी भलत्याच व्यासावर बसते. आम्ही रीमरनं भोक करून कड नुसती फेल्टनं पुसतो. तयार बुशवर हे बहुतेक केलेलं असतं, तरी नख लावून बघायला काय जातं. ठोकळा जॉवर सरळ बसलाय ना, हेही. तिरका बसला तर गोळी भोकात एका बाजूनं टेकते. बसवल्यावर जॉ मिटवून बुशच्या तोंडाशी झिरो करायचा, म्हणजे ठोकळ्याची जाडी वजा करायची भानगड नको.

पहिल्या दहा काडतुसांचे नवे आकडे त्यानं पाठवले: २.२११, २.२१०, २.२११, २.२१२, २.२११... फरक दोन थाऊचा. त्याच दहांची टोकापासूनची लांबी अजून आठ थाऊ इकडंतिकडं होती. त्यानं मेसेजच्या शेवटी नुसते हात जोडलेले पाठवले. मला वाटलं मिटलं.

तीन आठवड्यांनी परत

नव्या गोळ्या आणल्या, जास्त लांब आणि निमुळत्या. आता ओजाइव्हपासून मोजूनसुद्धा पाच-सहा थाऊचा फरक. "मामा, तुमचा बुश बिघडला." माझा बुश! विकत घेतलेला, आणि बिघडला की माझा.

इथं काळा मार्कर लागतो. गोळीचा पुढचा अर्धा भाग मार्करनं काळा करायचा, वाळू द्यायचा, दारू आणि प्रायमर नसलेल्या रिकाम्या पुंगळीत डायनं बसवायचा, आणि बाहेर काढून बघायचं. स्टेम वक्रावर नीट बसत असेल तर काळ्या रंगात एक गोल, पूर्ण, बारीक चकचकीत कडं उमटतं. भाच्याच्या गोळीवर कडं नव्हतंच. शेंड्यावरचा रंग मात्र खरवडून गेला होता. गोळी एवढी लांब की तिचं टोक स्टेमच्या आतल्या पोकळीच्या तळाला जाऊन टेकत होतं. म्हणजे डाय आता गोळी टोकापासून बसवत होती, आणि टोकं तर सारखी नाहीत हे आपण बघितलंच. यावेळी टोकापासूनची लांबी झक्क एकसारखी येत होती आणि ओजाइव्हची नाचत होती, म्हणजे पहिल्या दुखण्याच्या बरोबर उलट.

लांब निमुळत्या गोळ्यांसाठी वेगळी स्टेम मिळते, आतून खोल. ती टाकली. टाकण्याआधी जुनीच साफ करून बघायला लावली होती, कारण त्या पोकळीत वंगण आणि तांब्याचा चुरा जमून घट्ट बूच होतं, आणि तेवढ्यानंही तळ वर येतो. कानातल्या काडीनं काळा गोळा निघाला खरा, पण शेंड्यावरची खरवड गेली नाही. स्टेम बदलल्यावर कडं उमटलं आणि फरक परत दोन थाऊवर आला.

कडं अर्धंच उमटलं तर गोळी तिरकी जातेय, पुंगळीचं तोंड आतून नीट साफ आहे का ते बघावं. पुंगळी ट्रिम केल्यावर, म्हणजे लांबी कापल्यावर, तोंडाला बर (पितळाची बारीक धार) राहतो. .३०८ च्या पुंगळीची लांबी २.०१५ इंचाच्या वर जाऊ द्यायची नसते, कापायची २.००५ ला, आणि कापली की आतून-बाहेरून कड मोडायची. दारू काठोकाठ भरून वरून दाबली जात असेल तर तीही गोळीला हळूहळू परत वर ढकलते. भरल्याबरोबर आणि दुसऱ्या दिवशी अशी दोनदा मोजली तर हे पकडता येतं.

हे सगळं जमल्यावर त्याला लँडपर्यंतचं नेमकं अंतर काढायचं होतं. त्यासाठी एक नेमका सल्ला देतो, बाकी त्याच्या काडतुसं भरायच्या मॅन्युअलमध्ये आहे. रिकामी पुंगळी लावलेला गेज चेंबरमध्ये घालून गोळी दांडीनं पुढं ढकलतात, तेव्हा जोर जास्त झाला तर गोळी लँडमध्ये रुतते आणि लांबी जास्त येते. दोन बोटांनी, हलकं, आणि निदान पाच वेळा. पाचांतला सर्वांत लांब आकडा घ्यायचा नाही. जे दोन-तीन एकमेकांना धरून आहेत ते घ्यायचे. गोळी लँडला टेकवून भरली तर दाब वाढतो, आणि फार आत दाबली तर पुंगळीतली जागा कमी होऊनही वाढतो, त्यामुळं मॅन्युअलमधल्या लांबीपासून हटायचं असेल तर दारूचा हिशेब परत खालून सुरू करायचा. याबाबतीत मामाचं ऐकू नकोस, मॅन्युअलचं ऐक, हेही त्याला सांगून ठेवलंय.

एक गोष्ट जाता जाता. स्वप्निल कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं कांस्य जिंकल्यापासून आमच्या गल्लीतली दोन पोरं रेंजवर जायला लागलीत, आणि त्यातला एक मला विचारत होता की काका, आमच्या गोळ्या पण अशा मोजायच्या का. त्यांची .२२ ची काडतुसं रिमफायर (ठिणगीचा मसाला बुडाच्या कडेतच भरलेली), कारखान्यातून तयार येतात, भरायची नसतात. त्यानं हात स्थिर करायला शिकावं.

भाचा आता उरलेल्या दोन थाऊच्या मागं लागलाय. नुसत्या गोळ्या कम्पॅरेटरवर मोजल्या तर पायापासून ओजाइव्हपर्यंतच एक-दीड थाऊचा फरक निघतो, कारण वक्र गोळीगणिक केसभर बदलतो, आणि स्टेम त्याला एका जागी धरते, बुश दुसऱ्या, म्हणून तो काडतुसाच्या मापातही दिसतो. उरलेल्या दोनांतला एक थाऊ व्हर्निअरचा. काढायचाच असेल तर गोळ्या मोजून गटवारी कर, नाहीतर स्टँडवर डायल इंडिकेटर लाव, म्हटलं. डब्यावर त्यानं गोळीचा लॉट नंबर, बुशचा नंबर आणि कुठल्या व्हर्निअरनं मोजलं ते लिहायला सुरुवात केलीय. मागच्या डब्यावर नुसतं "२.८०० ओके" लिहिलेलं होतं, तो डबा त्यानं अजून तसाच ठेवलाय.